एकसष्टाची वर्गप्रकृती आणि १,७६,६३,१९,०४९ ही संख्या

भास्कराचार्यांच्या बीजगणितात चक्रवाल या रीतीचे जे प्रकरण आहे, त्यात एका मित्राला उद्देशून एकाच श्लोकात दोन प्रश्न घातले आहेत. कोणत्या वर्गाला ६७ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्या स्वतः पूर्ण वर्ग होते, हा पहिला. आणि ६७ च्या ठिकाणी ६१ घेतले असता तो वर्ग कोणता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बेताचे आहे. ५,९६७ चा वर्ग ६७ ने गुणून एक मिळविला की ४८,८४२ चा वर्ग मिळतो. दुसऱ्या प्रश्नातील गुणक पहिल्यापेक्षा लहान असूनही त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि त्याच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळविल्यावर जो वर्ग येतो त्याचे मूळ एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास, म्हणजे १,७६,६३,१९,०४९ हे आहे. यापेक्षा लहान अशी एकही धन पूर्णांकांची जोडी ही अट पुरी करीत नाही.

बीजगणित ज्या सिद्धान्तशिरोमणीचा भाग मानले जाते तो ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्ध झाला. पुढे पाचशे सात वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधील फर्मा याने ६१ हाच गुणक घेऊन हाच प्रश्न आपल्या समकालीनांना घातला. या योगायोगामुळे ही दहा अंकी संख्या गणिताच्या इतिहासात प्रसिद्धी पावली, आणि भारतीय गणिताच्या थोरवीचा पुरावा म्हणून तिचा उल्लेख करण्याचा प्रघात पडला. पुरावा खराच आहे. पण तो नेमका कशाचा, याविषयी बरेचसे लेखन सैल आढळते. चक्रवाल रीतीचे सामर्थ्य या संख्येच्या आकारावरून दिसते, असे सहसा म्हटले जाते. भास्कराचार्यांनी दिलेली आकडेमोड पायरीपायरीने पाहिली असता हे विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि श्रेयाची वाटणी थोडी निराळी करावी लागते.

प्रथम एवढे निश्चित धरावयास हरकत नाही की, ही संख्या चाचपडत सापडणारी नव्हे. एकापासून क्रमाने एकेक संख्या घेऊन, तिचा वर्ग करून, ६१ ने गुणून, एक मिळवून मूळ पूर्णांकी येते की काय हे पाहण्यास प्रत्येकी एक मिनिट लागते असे मानले आणि हा उद्योग रात्रंदिवस चालू ठेवला, तरी उत्तरापर्यंत पोहोचण्यास सुमारे चारशे तीस वर्षे लागतील. जेथे हे उत्तर लिहिलेले आहे तेथे रीत होती, याविषयी शंका उरत नाही. प्रश्न आहे तो, ही रीत कोणाची आणि तिच्यातील कोणत्या अंगाने हे काम केले, हा.

भारतीय परिभाषेत या प्रकारच्या प्रश्नास वर्गप्रकृती म्हणतात. ज्या संख्येने वर्ग गुणावयाचा ती प्रकृती. जो मिळवावयाचा किंवा वजा करावयाचा तो क्षेप. गुणल्या जाणाऱ्या वर्गाचे मूळ ते कनिष्ठ आणि शेवटी येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. ६१ ही प्रकृती घेऊन १ हे कनिष्ठ मानले, तर ६१ मध्ये ३ मिळविल्याने ६४ होतात. म्हणून ८ हे ज्येष्ठ आणि ३ हा क्षेप. कनिष्ठ, ज्येष्ठ आणि क्षेप यांचे असे त्रिकूट मिळविणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते क्षेप एकवर आणणे.

या कामाचे मुख्य साधन ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले. त्याचे नाव भावना. एकाच प्रकृतीची दोन त्रिकुटे घ्यावयाची. एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने असे तिरपे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावयाची, ते नवे कनिष्ठ. कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणून त्यात ज्येष्ठांचा गुणाकार मिळवावयाचा, ते नवे ज्येष्ठ. आणि दोन क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. त्रिकूट स्वतःशीच भावित केले तरी चालते. एकदा क्षेप १ असलेले त्रिकूट हाती आले की या रीतीने हवी तेवढी मोठी उत्तरे निर्माण करता येतात. ९२ या प्रकृतीचे उदाहरण एका वर्षाच्या आत सोडवील तो गणक, असे ब्रह्मगुप्तांनी म्हटले आहे. १, १०, ८ हे त्रिकूट घेऊन ते स्वतःशी भावित केले असता २०, १९२, ६४ येतात. कनिष्ठ आणि ज्येष्ठ ८ ने भागले म्हणजे क्षेप ६४ ने भागला जाऊन ५/२, २४, १ असे त्रिकूट मिळते. आणि ते पुन्हा स्वतःशी भावित केले की १२० आणि १,१५१ हे उत्तर हाती येते. मधल्या पायरीत अपूर्णांक आला म्हणून ब्रह्मगुप्त थांबत नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. क्षेप ४ किंवा ऋण ४ असेल तर त्यावरून क्षेप १ चे पूर्णांकी उत्तर नेमके कसे काढावे, याचे नियमही त्यांनी स्वतंत्रपणे दिले आहेत.

उणीव राहिली ती एवढीच की, सोयीचा क्षेप सुदैवाने मिळाला तर भावना चालते. न मिळाला तर काय करावे हे ब्रह्मगुप्त सांगत नाहीत. ती उणीव चक्रवालाने भरून काढली. हाती असलेल्या त्रिकुटासाठी असा गुणक निवडावयाचा की, त्याने कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविले असता बेरजेस क्षेपाने निःशेष भाग जावा. हे काम कुट्टकाचे. असे गुणक अनंत असतात. त्यांपैकी ज्याचा वर्ग प्रकृतीच्या जास्तीत जास्त जवळ असेल तो घ्यावयाचा. त्या वर्गातून प्रकृती वजा करून बाकीस जुन्या क्षेपाने भागले की नवा क्षेप मिळतो, आणि तो लहानच राहतो. एक आवर्तन संपले की दुसरे सुरू करावयाचे. चाकाप्रमाणे फिरत राहणारी म्हणून ती चक्रवाल. हे नाव पूर्वीच्या आचार्यांनी दिले असे भास्कराचार्यच सांगतात. रीत आपली स्वतःची असल्याचा दावा ते करीत नाहीत.

आता ६१ चे उदाहरण पाहावे. आरंभ १, ८, ३ या त्रिकुटापासून आहे. गुणकात ८ मिळविले असता ३ ने भाग गेला पाहिजे. म्हणून गुणक ७ किंवा १० असू शकतो. ७ चा वर्ग ४९ हा ६१ पेक्षा १२ ने कमी आहे, आणि १० चा वर्ग ३९ ने अधिक. म्हणून ७ घ्यावयाचा. नवे कनिष्ठ १५ भागिले ३, म्हणजे ५. नवा क्षेप ऋण १२ भागिले ३, म्हणजे ऋण ४. आणि ज्येष्ठ ३९. ताळा सोपा आहे : २५ ला ६१ ने गुणून १,५२५, त्यातून ४ वजा करून १,५२१, आणि हा ३९ चा वर्ग होय. येथे भास्कराचार्य चक्रवाल थांबवितात. कनिष्ठ आणि ज्येष्ठ यांस २ ने भागून ५/२, ३९/२ आणि क्षेप ऋण १ असे त्रिकूट ते मांडतात. ते स्वतःशी भावित केल्यावर १९५/२, १,५२३/२ आणि क्षेप १ मिळतो. क्षेप हवा तो आला, पण मुळे अपूर्णांकी आहेत. म्हणून याची आधीच्या त्रिकुटाशी भावना केली जाते, आणि ३,८०५, २९,७१८, क्षेप ऋण १ असे पूर्णांकी त्रिकूट येते. क्षेपाचे चिन्ह बदलण्यासाठी ते पुन्हा एकदा स्वतःशी भावित केले की २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही जोडी आणि क्षेप १ मिळतो.

म्हणजे या सुप्रसिद्ध उदाहरणात चाक फिरले आहे ते अवघे एकदा. पुढच्या तिन्ही पायऱ्या भावनेच्या, अर्थात ब्रह्मगुप्तांच्या आहेत. इतकेच नव्हे, तर ५ आणि ३९ ही जोडी एखाद्याने सहज हेरली असती, तर ऋण ४ क्षेपाच्या नियमाने सातव्या शतकातही एकसष्टाचे उत्तर निघाले असते. २५ ला ६१ ने गुणून चार वजा केले असता वर्ग होतो हे हेरणे कष्टाळू गणकास अशक्य नव्हते. याउलट त्याच श्लोकातील ६७ चे उदाहरण घ्यावे. तेथे १, ८ आणि ऋण ३ पासून आरंभ केल्यावर चाकाच्या पहिल्या फेऱ्यात ५, ४१, क्षेप ६. दुसऱ्यात ११, ९०, क्षेप ऋण ७. तिसऱ्यात २७, २२१, क्षेप ऋण २ असे मिळते, आणि मग कोठे एका भावनेने आणि दोनाच्या भागाकाराने ५,९६७ व ४८,८४२ हे उत्तर येते. उत्तर पाच अंकी, पण फेरे तीन. आणि मधले क्षेप ६ व ऋण ७ असे, ज्यांवर ब्रह्मगुप्तांचा कोणताही तयार नियम लागू पडत नाही. चक्रवालाची खरी कसोटी ६७ मध्ये आहे. ६१ मध्ये कसोटी आहे ती भावनेची. हे दोन प्रश्न एकाच श्लोकात शेजारी बसविणाऱ्या ग्रंथकाराला हा भेद ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. इतिहासकारांची दृष्टी मात्र मोठ्या आकड्याकडे वळली आणि लहान आकडा बाजूला पडला.

मग ६१ चे उत्तर एवढे मोठे का? शेजारच्या प्रकृती पाहिल्या तर आश्चर्य वाढतेच. ६० साठी ४ आणि ३१ पुरतात. ६२ साठी ८ आणि ६३. ६३ साठी तर १ आणि ८. ५९ चे ज्येष्ठ मूळही ५३० च आहे. शंभराच्या आतील कोणत्याही प्रकृतीचे लहानात लहान ज्येष्ठ मूळ एकसष्टाच्या मुळाइतके मोठे नाही. ९७ चे ६,२८,०९,६३३ हे दुसऱ्या क्रमांकाचे आहे, आणि ६१ ला मागे टाकणारी पहिली प्रकृती १०९ ही होय. कारण वरच्या आकडेमोडीतच आहे. एकसष्टाच्या बाबतीत क्षेप ऋण १ आधी येतो आणि धन १ नंतर. शिवाय ऋण १ चे पहिले त्रिकूट अर्ध्यांचे आहे, पूर्णांकांचे नव्हे. अर्धे घालविण्यासाठी त्रिकुटाचा घन करावा लागतो आणि चिन्ह बदलण्यासाठी त्या घनाचा वर्ग, असे एकूण सहा घात होतात. ३९ पासून निघून सहाव्या घाताशी पोहोचलेली ही संख्या आहे, आणि दर भावनेस अंक किती झपाट्याने वाढतात हे ३९, १,५२३, २९,७१८, १,७६,६३,१९,०४९ या क्रमावरून डोळ्यांस दिसते. ऋण १ क्षेपाविषयी भास्कराचार्यांनी एक अट सांगितली आहे : प्रकृती दोन वर्गांची बेरीज नसेल तर असा प्रश्न सुटतच नाही. ६१ ही ५ आणि ६ यांच्या वर्गांची बेरीज आहे; ६७ दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही. म्हणून सदुसष्टाच्या वाटेवर ऋण १ कधीच भेटत नाही, आणि उत्तरही आवाक्यात राहते. दोन वर्गांची बेरीज असणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. मात्र ६१ सारखी, चाराने भागली असता एक उरणारी अविभाज्य संख्या असेल, तर ऋण १ चे उत्तर मिळतेच, हे आता सिद्ध झालेले आहे.

संख्या कशी घडली याची खूण तिच्या अंगावर राहिली आहे. शेवटची भावना २९,७१८ च्या वर्गात ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट मिळविते. हे दोन आकडे अनुक्रमे ८८,३१,५९,५२४ आणि ८८,३१,५९,५२५, म्हणजे लागोपाठचे आहेत, कारण क्षेप ऋण १ होता. त्यामुळे १,७६,६३,१९,०४९ मधून एक वजा केला तर नेमकी २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते, आणि एक मिळविला तर ३,८०५ च्या वर्गाची एकशेबावीसपट होते. एका बाजूचा शेजारी २, ३, १३ आणि १२७ या अविभाज्य संख्यांच्या घातांनी बनलेला, तर दुसऱ्या बाजूचा २, ५, ६१ आणि ७६१ यांनी.

खुद्द संख्येचे अवयव पाडले असता ती ११, ५९, १,५२३ आणि १,७८७ या चार अविभाज्य संख्यांचा गुणाकार असल्याचे दिसते. यांतील १,५२३ ही नवखी नाही. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या पायरीतील ज्येष्ठ १,५२३/२ याचाच तो अंश आहे. अंतिम त्रिकूट हे त्या पायरीतील त्रिकुटाचा घन असल्याने जुन्या ज्येष्ठाचा अंश नव्या ज्येष्ठास भागतो आणि जुन्या कनिष्ठाचा अंश १९५ हा नव्या कनिष्ठास. भागाकार करून पाहिले तर गंमत अशी की, ज्येष्ठ मूळ १,५२३ गुणिले ११,५९,७६३ आहे, आणि कनिष्ठ मूळ १९५ गुणिले ११,५९,७६४. उरलेले दोन अवयव लागोपाठचे निघतात. हा योगायोग नव्हे. १,५२३ च्या वर्गातून तीन वजा करून अर्धे केले की पहिला अवयव येतो, आणि एक वजा करून अर्धे केले की दुसरा.

ज्येष्ठास कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ फारच जवळ येते : ७.८१०२४९६७५९०६६५४३९ येथपर्यंत, म्हणजे दशांश चिन्हानंतरची सतरा स्थळे, खरे मूळ आणि हा भागाकार यांच्यात फरक नाही. वर्गप्रकृतीचा असा उपयोग नारायण पंडितांनी १३५६ च्या गणितकौमुदीत स्पष्टपणे सांगितला आहे. चक्रवालाची उदाहरणे म्हणून त्यांनी ९७ आणि १०३ या प्रकृती घेतल्या.

युरोपातील कथा निराळ्या वळणाची आहे. फर्मा हा तुलूझ येथील न्यायालयात अधिकारी होता आणि आपली गणिते बहुधा पत्रांतूनच कळवीत असे. १६५७ च्या फेब्रुवारीत त्याने पॅरिसच्या फ्रेनिक्लला प्रश्न पाठविला : वर्ग नसलेली कोणतीही संख्या दिली असता, ज्या वर्गांना तिने गुणून एक मिळविल्यावर वर्गच येतो असे वर्ग शोधावे. फार त्रास होऊ नये म्हणून आपण लहान संख्या सुचवितो, असे म्हणून त्याने ६१ आणि १०९ ही दोन उदाहरणे दिली. या सौजन्यातील खोच उत्तर ठाऊक असणाऱ्यालाच कळेल. १०९ चे लहानात लहान ज्येष्ठ मूळ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ आहे. आपल्या आधीच्या सर्व प्रकृतींना उत्तराच्या आकारात मागे टाकणाऱ्या प्रकृती निवडल्या, तर ६१ नंतर येणारी पुढची प्रकृती १०९ हीच होय. फर्माला उत्तरे कोठे मोठी होतात हे पक्के माहीत होते, असाच याचा अर्थ.

इंग्लंडमध्ये हे आव्हान लॉर्ड ब्राउंकर आणि वॉलिस यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या हाती आलेल्या शब्दांत पूर्णांकांची अट स्पष्ट नव्हती. त्यांनी प्रथम अपूर्णांकी उत्तरे धाडली, जी कोणालाही चुटकीसरशी काढता येतात, आणि फर्माने ती अर्थातच मान्य केली नाहीत. त्यानंतर ब्राउंकरने एक व्यापक रीत शोधली आणि वॉलिसने ती मांडली. फ्रेनिक्लने १५० पर्यंतच्या प्रकृतींचा तक्ता केला होता. त्याने ३१३ विचारली असता ब्राउंकरने एक-दोन तासांत तिचे उत्तर काढले. हा सर्व पत्रव्यवहार १६५८ मध्ये ऑक्सफर्ड येथे छापला गेला. पुढे ऑयलरने गैरसमजाने या रीतीचे श्रेय जॉन पेल यास दिले, आणि पेलचे समीकरण हे नाव रूढ झाले ते आजतागायत. ज्याने हा प्रश्न सोडविला नाही त्याचे नाव त्याला मिळावे आणि ब्रह्मगुप्त, ब्राउंकर व फर्मा या तिघांनाही ते मिळू नये, हा नामकरणातील विक्षिप्तपणा सर्वांनाच ठाऊक आहे. तरी नाव बदललेले नाही.

ब्राउंकरची रीत म्हणजे वस्तुतः वर्गमूळाचा वितत अपूर्णांक होय. एकसष्टाच्या बाबतीत तिचे आवर्तन ११ पदांचे असून ऋण १ वरून धन १ वर येण्यासाठी दोन आवर्तने, म्हणजे २२ पायऱ्या लागतात. भावनेची मदत न घेता केवळ चक्रवालच चालविले, तर क्षेप क्रमाने ३, ऋण ४, ऋण ५, ५, ४, ऋण ३, ऋण १ असे येतात. सातव्या पायरीस ऋण १ आणि चौदाव्या पायरीस धन १. जवळचा वर्ग घ्यावयाचा, तो प्रकृतीहून लहान असो वा मोठा, या एका नियमामुळे आठ पायऱ्या वाचतात. येथे चक्रवालाची खरी शक्ती मोजता येते, आणि ती उत्तराच्या आकारावरून नव्हे, तर पायऱ्यांच्या संख्येवरून मोजली जाते. भास्कराचार्यांची प्रत्यक्ष आकडेमोड तर, आरंभीचे त्रिकूट सोडल्यास, चारच पायऱ्यांत आटोपते.

फर्माला भारतीय गणिताची वार्ता नव्हती. बीजगणिताचा फारसी अनुवाद अताउल्ला रशीदी याने १६३४-३५ च्या सुमारास शाहजहानच्या काळात केला, म्हणजे तो फर्माच्या हयातीतलाच. पण युरोपास या ग्रंथाचा परिचय झाला तो १८१३ मध्ये स्ट्रेचीने फारसीवरून आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने संस्कृतावरून केलेल्या इंग्रजी भाषांतरांमुळे. तोपर्यंत लाग्रांजने हा प्रश्न प्रत्येक प्रकृतीसाठी सुटतोच याची सिद्धता देऊन अर्धशतक होत आले होते. हिंदुस्थानातून परतलेल्या एखाद्या मिशनऱ्याने फर्माला ही हकीकत सांगितली असती तर तो किती चकित झाला असता, अशी कल्पना आंद्रे वेल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तीच संख्या निघाली यात गूढ काही नाही. ६१ निवडल्यावर लहानात लहान उत्तर एकच असते. गूढ असेल तर ६१ च्या निवडीत. पण तेथेही दोघांची कारणे वेगळी दिसतात. फर्माला उत्तर मोठे हवे होते. भास्कराचार्यांना, उदाहरणाच्या मांडणीवरून पाहता, ऋण ४ क्षेप आणि अर्ध्यांतून जाणारी वाट दाखवावयाची असावी.

श्रेयाच्या हिशेबात एक बाब उणी म्हणून नोंदविली पाहिजे. चक्रवाल प्रत्येक प्रकृतीस क्षेप १ पर्यंत नेतेच, याची सिद्धता उपलब्ध संस्कृत ग्रंथांत नाही. रीत दिली आहे, उदाहरणे बिनचूक आहेत, भावनेची उपपत्ती टीकाकारांनी दिली आहे. पण चाक कधीतरी इष्ट स्थानी येणारच हे गृहीत धरलेले आहे. ज्या काळात युरोपात या प्रश्नाची कुणकुणही नव्हती त्या काळाविषयी हा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु लाग्रांजच्या सिद्धतेचे मोल त्यामुळे कमी होत नाही, आणि ते कमी लेखून भास्कराचार्यांचे मोल वाढवावयाची गरजही नाही. ब्राउंकर आणि वॉलिस यांच्यापाशीही ती सिद्धता नव्हतीच. चक्रवालाची सिद्धता म्हैसूरचे अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दिली, आणि ही रीत साध्या वितत अपूर्णांकाचे नुसते रूपांतर नसून स्वतंत्र स्वरूपाची आहे हे दाखविले. सेलेनियस यांनी १९७५ मध्ये तिच्या कमीत कमी पायऱ्यांचे विवेचन केले.

महाराष्ट्रात या विद्येचे काय झाले, याचे काही धागे हाती लागतात. चाळीसगावजवळील पाटण येथील भवानीच्या देवळातील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. सिद्धान्तशिरोमणी आणि आजोबांचे इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास देणगी दिली, असे त्यात नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठात एकसष्टाचे उदाहरण पाटीवर घालून दिले जात असेल हे अनुमान स्वाभाविक आहे, कारण ते मूळ ग्रंथातच आहे. पुढे गोदातीरीच्या पार्थपूर येथील सूर्यदासाने १५३८ मध्ये बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका लिहिली, आणि विदर्भातून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी नवांकुर किंवा बीजपल्लव ही. ही दुसरी टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० मध्ये मुळासह छापली. एकंदरीत ग्रंथ शिकविला जात होता, टीका होत होत्या. मात्र या परंपरेत प्रकृतीची उदाहरणे वाढविण्याऐवजी जुनीच नीट समजावून देण्याकडे कल राहिला.

पूर्वीचे आचार्य असा भास्कराचार्यांनी जो उल्लेख केला, तो कोणाचा, हे १९५४ पर्यंत अंधारात होते. त्या वर्षी लखनौ विद्यापीठाचे कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या सुंदरी या टीकेतील एक उतारा प्रसिद्ध केला. लघुभास्करीयावरील ही टीका इ.स. १०७३ ची आहे, आणि तीत आचार्य जयदेव नावाच्या गणितज्ञाचे वर्गप्रकृतीवरील वीस श्लोक उद्धृत केलेले आहेत. त्यांत चक्रवालाची संपूर्ण रीत आहे. म्हणजे भास्कराचार्यांचा जन्म होण्यापूर्वी निदान चार दशके हे चाक फिरत होते. जयदेवांचा ग्रंथ उपलब्ध नाही.